विमला हसली तेव्हाचा फोटो

लग्न होऊन मी अकोल्याहून रायपूरला आले, तेव्हा बूढ़ापाऱ्यातल्या दाण्यांच्या घरात एकच न्हाणीघर होतं आणि त्यावर माझ्या नणंदेचा ताबा होता. पद्मजाताईंचा. दाराला आतून काळा कागद डकवलेला, कोपऱ्यात लाल दिवा, आंघोळीच्या दगडावर तीन ट्रे, आणि त्यांतल्या फोटो धुवायच्या रसायनांचा आंबूस वास. सकाळी सगळ्यांनी भराभर आंघोळी उरकून घ्यायच्या. ताई एकदा आत गेल्या की दार वाजवायची सोय नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी चुकून दार ढकललं आणि आतला फोटोच्या कागदांचा गठ्ठा उजेड लागून वाया गेला. मी तिथंच रडवेली झाले. ताई हात पुसत बाहेर आल्या.

"रडून काहून राहिली? कागद गेले, फिल्म तर आहे ना. जा, चहा ठेव."

तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

माझे सासरे शरच्चंद्र दाणी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. खात्याचा एक कॅमेरा त्यांच्या ताब्यात असे. कालव्यांचे, धरणाच्या भिंतींचे फोटो काढून वर पाठवायचे, हेही त्यांचंच काम. शाळेला सुट्टी असली की ते लेकीला सोबत नेत. भिंतीचा फोटो घेताना बाजूला एखादा मजूर उभा करत, म्हणजे भिंत किती उंच ते कळावं. ताई सांगायच्या, घरी फोटो धुऊन आले की बाबा भिंत बघायचे आणि मी तो मजूर बघायची. त्याचा पटका, त्याचे पाय, तो कॅमेऱ्याकडे बघून का घाबरलाय ते. पुढं माझे पती पराग बँकेत लागले, आणि ताई एका हिंदी दैनिकात फोटोग्राफर झाल्या. शहरात तेव्हा बातम्यांचे फोटो काढणारी दुसरी बाई मी तरी पाहिली नव्हती. नागपूरच्या एका रेल्वेतल्या घरातून स्थळ आलं होतं, पत्रिकाही जुळली होती. त्या लोकांनी विचारलं, लग्नानंतर हे उन्हातान्हात हिंडणं बंद होईल ना? ताईंनी चहाचे कप उचलता उचलता सांगितलं, नाही होणार. नंतर तो विषय घरात फारसा कोणी काढला नाही.

छत्तीसगढ राज्य वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झालं, तेव्हा पेपरात सगळीकडे फटाके नि मिरवणुका होत्या. ताईंचा फोटो वेगळा होता. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरू लागलं होतं. एक बाबू नवीन टेबलावर फायली लावत बसलाय, त्याच्या डोक्यावरच्या भिंतीवर 'महिला वार्ड' ही अक्षरं अजून तशीच आहेत, आणि दारात तापलेलं पोर कडेवर घेऊन एक खेड्यातली बाई उभी आहे, डॉक्टर कुठं बसतो विचारायला. तो फोटो आतल्या पानावर बारीकसा छापला होता. पण लोकांनी तो कापून ठेवला. आमच्या गल्लीतला शिंपीही ताईंना थांबवून म्हणाला, "दीदी, क्या फोटो लिया आपने."

मग नव्या राजधानीच्या बातम्या सुरू झाल्या. शहरापासून दूर, शेतांमधून, मोठाले रस्ते नि सरकारी इमारती होणार होत्या. ज्या गावांची जमीन जाणार होती त्यातलं एक कोसमपाली. ताईंना पेपरनं एका दिवसासाठी तिथं पाठवलं होतं. त्या पुढची कित्येक वर्षं जात राहिल्या, रविवार म्हटला की स्कूटी काढून. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देत नव्हतं. मी एकदा विचारलं, "ताई, तिथं एवढं काय आहे?"

"आता आहे ते सगळंच आहे," त्या म्हणाल्या. "पुढं नसणार, म्हणून जाऊन राहिली."

विमला त्यांना तिथंच भेटली. पस्तिशीची असेल. नवरा नत्थू, थोडीशी धानाची शेती, एक मुलगी लग्न होऊन आरंगकडे गेलेली. पहिल्याच भेटीत ताईंनी कॅमेरा वर केला, तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि छत्तीसगढीत म्हणाली, "फोटू खींचबे त मोला का देबे?" फोटो काढशील, तर मला काय देशील?

ताई म्हणाल्या, "फोटोच देईन."

आणि दिला. पुढच्या रविवारी धुतलेला फोटो नेऊन तिच्या हातात ठेवला. विमलानं तो उलटसुलट करून पाहिला, नत्थूला हाक मारली, शेजारणींना बोलावलं. त्या दिवसापासून नियमच झाला. जेवढे काढायचे, त्यातला एक तरी तिला द्यायचाच. विमलाच्या घरी देवाच्या कोनाड्याजवळ फोटोंची थप्पी साठत गेली. धानाची रोवणी करताना विमला, बैलाच्या शिंगांना तेल लावणारा नत्थू, बाळंतपणाला आलेली मुलगी, मेलेली सासू. गावात कोणी वारलं की घरची माणसं ताईंकडे फोटो मागायला येत, कारण त्या माणसाचा दुसरा फोटोच नसे.

तो फोटो एका दिवाळीच्या आधीचा. विमला छुहीनं घर सारवत होती. छुही म्हणजे तिकडची पांढरी माती. दिवाळीला भिंती त्यानंच उजळतात. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते, गालावरही एक ओघळ. दाराची चौकट निळी, त्यात ती उभी. ताईंना ती सगळी चौकट हवी होती, म्हणून त्या कॅमेऱ्यातून बघत बघत मागं सरकल्या, आणखी मागं सरकल्या, आणि थेट शेणखताच्या खड्ड्यात पडल्या. कॅमेरा मात्र वर धरलेला. खड्ड्यातून डोकं बाहेर काढलं तर समोर विमला चौकटीला धरून हसत होती. तोंडावर हात घ्यायचंही भान नव्हतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. ताईंनी तिथूनच, शेणात बसूनच बटण दाबलं.

त्या घरी आल्या त्या अवताराची आठवण मला अजून आहे. सासूबाईंनी अंगणातच बादली ठेवली. ताई डोक्यावर पाणी घेत होत्या आणि म्हणत होत्या, "अनु, आज मले भेटला. जन्माचा फोटो भेटला."

खरंच तसा होता तो. पेपरानं दिवाळीच्या पुरवणीवर अख्खं पान दिलं. भोपाळला त्याला बक्षीस मिळालं. आम्हीही एक मोठी प्रत करून दिवाणखान्यात लावली. विमलाच्या घरी तर तो फोटो काचेत बसवून गेला. फ्रेम ताईंनीच केली होती.

चार वर्षं गेली. जमिनीचं प्रकरण वाढत गेलं. कोसमपालीत काही लोकांनी मोबदला घेतला, काहींनी नाकारला. नाकारणाऱ्यांनी शाळेजवळ मांडव घालून धरणं धरलं होतं. नत्थू त्यांच्यातला पुढचा माणूस. विमला रोज भाकरी बांधून त्या मांडवात जाऊन बसायची, बायकांना गोळा करायची. ताई पेपरासाठी तिथले फोटो पाठवायच्या. ते छापून येणं कमी कमी होत गेलं.

आणि एका सकाळी विमानतळाच्या रस्त्यावर तो बोर्ड लागला.

पहिल्यांदा परागनं पाहिला. बँकेतून घरी आले, बूट न काढताच म्हणाले, "ताई, तुझ्या फोटोतली बाई, ती हसणारी… रस्त्यावर लागून राहिली. मोठ्ठी." ताईंना वाटलं चेष्टा करतोय. तशाच स्कूटी घेऊन गेल्या, मी मागं बसले. चौकाच्या वर, तीन मजली घराएवढी विमला हसत होती. निळी चौकट कापून टाकलेली, मागं हिरवंगार गवत आणि पांढऱ्या इमारती चिकटवलेल्या. खाली मोठ्या अक्षरांत 'आपकी नई ज़मीन, आपकी नई मुस्कान', आणि नव्या राजधानीत प्लॉट विकणाऱ्या एका कंपनीचा फोन नंबर. ताई वर बघत उभ्या राहिल्या. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. मी त्यांना हाताला धरून बाजूला केलं. त्या एवढंच म्हणाल्या, "नत्थूनं पाहिला असेल काय ग?"

नत्थूनं पाहिला होता. सगळ्या गावानं पाहिला होता. कंपनीनं गावातल्याच काही लोकांकडून जमीन घेतली होती, आणि धरण्यावरची माणसं आधीच एकमेकांकडे संशयानं बघू लागली होती. त्यात हा बोर्ड. गावात कुजबुज सुरू झाली की विमला कंपनीला विकली गेली. तिनं पैसे घेतले, चोरून प्लॉट घेतला, नवरा इथं घोषणा देतो आणि बायको तिकडं हसते. मांडवात बायका तिच्याजवळून उठून दुसरीकडं बसू लागल्या. नत्थूला धरण्याच्या समितीतून काढलं. तो घरी आला, भिंतीवरचा तो काचेतला फोटो काढला, अंगणात आपटला. बायकोला त्यानं मारलं नाही की शिवी दिली नाही. त्यानं तिच्याशी बोलणं बंद केलं.

हे सगळं आम्हाला विमलाकडूनच कळलं. ती आमच्या घरी आली होती, एकदाच. दुपारची वेळ. ताई पेपरच्या ऑफिसातून नुकत्याच आल्या होत्या. मी दार उघडलं तर समोर ती उभी. बोर्डावर पाहिलेली बाई एवढीशी असेल असं मला वाटलं नव्हतं. हातात फडक्याचं गाठोडं. मी म्हटलं आत या, बसा. ती उंबऱ्याच्या आत आली पण बसली नाही. पाणी दिलं, तेही घेतलं नाही. समोरच्या भिंतीवर तिचाच हसणारा फोटो होता. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. गाठोडं खाली ठेवून सोडलं. इतक्या वर्षांचे सगळे फोटो होते. रोवणीचा, बैलांचा, मुलीचा, सासूचा.

ताई खाली बसल्या. म्हणाल्या, "विमला, मैंने नहीं दिया उनको. मले माहीतच नव्हतं ग." ताई घाबरल्या की त्यांच्या तोंडून मराठी आणि हिंदी एकत्रच यायची.

विमलानं विचारलं, "तोला पइसा मिलिस?" तुला पैसा मिळाला?

"नाही. एक पैसा नाही. शप्पथ."

 मग अगदी हळू, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विमलानं विचारलं, "त मोला बेचिस कोन?"

तर मग मला विकलं कोणी?

 विमला फडकं झटकून घडी घालून निघून गेली. मी गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्या मागं गेले. तिनं वळून पाहिलं नाही. घरी आले तर ताई त्या फोटोंमध्ये तशाच बसलेल्या. मग उठल्या, स्टुलावर चढल्या आणि भिंतीवरचा फोटो उतरवला.

विकणारे कोण ते कळायला वेळ लागला नाही. पेपरच्या जाहिरात विभागानं फोटो कंपनीच्या जाहिरातवाल्यांना दिला होता. संपादक सुशीलबाबू तसे भले गृहस्थ, ताईंना लेकीसारखं वागवायचे. त्यांनी ताईंना समोर बसवलं.

"पद्मजाजी, नोकरीला लागताना तुम्हीच सही केलीत ना? तुम्ही काढलेला फोटो पेपरचा. तो कोणाला द्यायचा ते पेपर ठरवणार."

"फोटो पेपरचा," ताई म्हणाल्या. "चेहरा कोणाचा?"

सुशीलबाबूंनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "हे मला विचारू नका. मीही नोकरच आहे."

ताई जाहिरात कंपनीच्या शंकर नगरच्या ऑफिसात गेल्या. तिथल्या तरुणानं थंड पाणी दिलं, कौतुक केलं. "मैडम, ऐसी हँसी मॉडल नहीं दे सकती. पब्लिक को बहुत पसंद आ रहा है." काढून टाका म्हटल्यावर तो हसला, दिवाळीपर्यंतचा करार आहे म्हणाला. ताईंनी वकील गाठला. वकील म्हणाले, त्या बाईनंच तक्रार करायला हवी. आणि ती बाई ताईंचं तोंड बघायला तयार नव्हती.

मग ताई एक दिवस कोसमपालीच्या मांडवात जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांसमोर सांगितलं की विमलाचा यात काही दोष नाही, तिला कोणी विचारलं नाही, एक रुपया दिला नाही, दोष असेल तर तो माझा आहे. लोकांनी ऐकून घेतलं. कोणी अपशब्द बोललं नाही. शेवटी एक म्हातारा उठला. तो म्हणाला, दीदी, तू खरं बोलत असशील. "फेर बोर्ड हा तोर ले बड़े हे." पण तो बोर्ड तुझ्यापेक्षा मोठा आहे.

त्या आठवड्यात ताईंनी नोकरी सोडली. पराग फार चिडले. "तुझ्या नोकरी सोडण्यानं तो बोर्ड खाली येणार आहे काय? तुले काय गरज होती?" ताई म्हणाल्या, "नाही येणार. पण उद्या मी काढलेला दुसऱ्या कोणाचा चेहरा वर जाईल, तो तरी नाही जाणार."

दिवाळीनंतर बोर्ड उतरला. त्या जागी मोबाइलची जाहिरात आली. शहर विसरलं. कोसमपालीत मात्र काहीच पूर्ववत झालं नाही. धरणं मोडलं, जमीन गेली, विमलाच्या घराच्या जागेवरून रस्ता गेला. त्यांना पुनर्वसनाच्या वस्तीत दोन खोल्या मिळाल्या. नत्थू त्यातल्या एका खोलीत, विमला दुसऱ्या. ती वाढून ठेवायची, तो जेवायचा. बोलणं नाही. मुलगी अधूनमधून येऊन रडून जायची.

ताईंनी पंडरीच्या बाजारात एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे काम धरलं. साड्यांचे फोटो काढायचे. प्लॅस्टिकच्या बाईला साडी नेसवायची, निऱ्या टाचणीनं टोचायच्या, फोटो काढायचा, पुढची साडी. व्यापाऱ्यानं एकदा विचारलं, खरी मुलगी उभी केली तर जास्त खपेल, आणू का? ताईंनी नाही म्हटलं. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, मी गरम पाण्याची बादली ठेवायची. काम कसं झालं विचारलं तर म्हणायच्या, "बरं झालं. कोणी ओळखीचं नव्हतं." न्हाणीघर तोवर रिकामं झालं होतं. काळा कागद आम्ही फाडला नव्हता, तो आपोआप गळून गेला.

काही वर्षांनी विमला आजारी असल्याचं ताईंना तिच्या मुलीनं कळवलं. फुप्फुसाचा आजार, फार पुढं गेलेला. सरकारी इस्पितळात ठेवलं होतं. ताई निघाल्या, मी डबा घेऊन सोबत.  विमला खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. केसांच्या जटा झालेल्या, गळ्याची हाडं वर आलेली.  तिनं आमच्याकडं पाहिलं. मग ताईंच्या खांद्याकडे पाहून विचारलं, "कैमरा नइ लाने?"

"नाही आणला," ताई म्हणाल्या.

"बने करे." बरं केलंस.

ताई तिच्या मागं खाटेवर बसल्या आणि तिचे केस विंचरायला घेतले. एकेक जट बोटांनी सोडवत, तेल लावत. विमलानं डोळे मिटून घेतले.  मग विमला मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "तैं घुरवा मा गिर गे रहे न." तू त्या शेणाच्या खड्ड्यात पडली होतीस ना.

"हव," ताई म्हणाल्या. "पूरी गिर गई थी."

विमलाला हसू येत होतं. पण हसायला लागली तशी उबळ आली, ती थांबेना, नर्स धावत आली. ताईंनी तिला छातीशी धरून ठेवलं. त्यानंतर ताई रोज जात. अंग पुसून देत, भात भरवत. नत्थूही येई. तो खाटेच्या पायथ्याशी बाकावर बसे, जमिनीकडे बघत. एकदा मी पाहिलं, विमलाला झोप लागली होती तेव्हा त्यानं तिच्या पावलांवरचं पांघरूण नीट केलं. ती जागी झाली तसा हात मागं घेतला.

विमला गेली तेव्हा ताई तिथंच होत्या. नत्थू बाहेर औषध आणायला गेला होता. तो परत आला, खाटेजवळ उभा राहिला, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्यानं तिला नावानं हाक मारली. दोनदा मारली. मग औषधाची पिशवी तिच्या उशाशी ठेवून तो बाकावर बसला.

ताईंनी कॅमेरा पुन्हा हातात घेतला तो त्यानंतर वर्षभरानं. पुन्हा त्याच भागात जाऊ लागल्या. आता ते कोसमपाली नव्हतं. आठ पदरी रस्ता, दोन्ही बाजूंना दिवे, मधोमध फुलझाडं, आणि गाडी क्वचितच. ताई रस्त्याचे फोटो काढायच्या. रिकामे बसथांबे, रंग उडालेली बाकडी, सिमेंटच्या कडेला उभं राहिलेलं एकटं मोहाचं झाड. कोणी माणूस समोर आला की कॅमेरा खाली घेऊन थांबायच्या, तो जाईपर्यंत.

त्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. दिल्लीहून एक जाणकार आला होता. त्यानं भाषणात सांगितलं की या छायाचित्रांत माणूस नाही हीच यांची ताकद आहे, ही एक विचारपूर्वक घडवलेली शैली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई पुढच्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. बोलायला बोलावलं तर 'आभारी आहे' म्हणून खाली उतरल्या. माझी मुलगी ईरा तेव्हा कॉलेजात होती. तिला मराठी सगळी कळते, पण तोंडून हिंदीच येते. परतताना रिक्षात ती म्हणाली, "आत्या, सच में स्टाइल है क्या?" ताई म्हणाल्या, "नाही बेटा. मले जमत नाही आता."

त्या प्रदर्शनामुळं एका प्रकाशकाचा फोन आला. मोठं, जाड, चकचकीत पुस्तक काढायचं होतं. नव्या राजधानीची वीस वर्षं, पद्मजा दाणी यांच्या कॅमेऱ्यातून. ताईंच्या आयुष्यात असं कधी चालून आलं नव्हतं. पराग तर पेढेच घेऊन आले. प्रकाशकानं फोटो निवडले, क्रम लावला. मुखपृष्ठावर त्याला तो विमलाचा हसणारा फोटो हवा होता. तोवर तो पेपर बंद पडला होता, हक्काची अडचण उरली नव्हती. ताई म्हणाल्या, तो सोडून कोणताही घ्या. प्रकाशक म्हणाला, तुमच्या सगळ्या कामाचा जीव त्यात आहे, तो नसेल तर पुस्तक उभंच राहत नाही. मलाही तसंच वाटत होतं. मी ताईंना म्हटलं, "निदान यावेळी खरं काय ते लिहिता येईल ना. खाली तिचं नाव येईल."

ताईंनी विचार केला. म्हणाल्या, "मग नत्थूला विचारू. विमला नाही, त्याला तरी विचारलं पाहिजे."

त्यांचा गुडघा तेव्हा दुखत होता, म्हणून स्कूटी मी चालवली. नत्थू आता त्याच रस्त्याच्या मधोमध फुलझाडांना पाणी घालायच्या कामावर होता. ठेकेदाराचा निळा डगला अंगात, हातात रबरी नळी. ताईंना पाहून त्यानं नळी खाली ठेवली. आम्ही दुभाजकाच्या कठड्यावर बसलो. ताईंनी सगळं समजावून सांगितलं. मग पाकिटातून फोटो काढून त्याच्या हातात दिला.

त्यानं ओले हात डगल्याला पुसले. फोटो जवळ धरला, मग थोडा लांब धरला. मला वाटलं तो रागावेल. त्यानं बोट ठेवलं ते निळ्या चौकटीवर. "ए हा मोर घर के दुवारी ए." हे माझ्या घराचं दार. वरच्या लाकडाला एक खाच होती, तिच्यावरून बोट फिरवत म्हणाला की हे लाकूड मी स्वतः तासलं होतं, इथं हत्यार घसरलं होतं. मग बोट विमलाच्या चेहऱ्याजवळ आलं आणि तिथं न टेकता थांबलं.

"किती हसली होती," ताई म्हणाल्या.

तो म्हणाला, "हव."

मग त्यानं मान हलवली. "किताब मा झन छापव, दीदी." पुस्तकात छापू नका.

ताईंनी का म्हणून विचारलं नाही. त्यानं आपणच सांगितलं. किताब कोण घेऊन जाईल, कुठं ठेवेल, कोण बघून काय म्हणेल, मला काय कळणार? बोर्ड लागला तेव्हा कळलं नव्हतं, आताही कळणार नाही. मी तिला तेव्हा काही विचारलं नाही. आता विचारता येत नाही. मग लोकांनी तरी काहून बघावं?

"नाही छापणार," ताई म्हणाल्या.

फोटो अजून त्याच्या हातात होता. त्यानं तो परत दिला नाही. डगल्याची वरची गुंडी काढून आत सरकवला, गुंडी लावली आणि नळी उचलली. पाणी इतका वेळ झेंडूच्या मुळाशी वाहत राहिलं होतं, त्याचा ओहोळ रस्त्यावर आला होता.

घरी येऊन ताईंनी प्रकाशकाला फोन केला. तो समजूतदार होता. वाईट वाटलं म्हणाला, पुन्हा विचार करा म्हणाला. पुस्तक झालं नाही. पराग दोन दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच ताईंच्या खोलीत जाऊन बसले.

पण मला आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा रस्ता. दुपारचं ऊन, आठ पदरी रस्ता, समोर चिटपाखरू नाही. ताई माझ्या मागं बसल्या होत्या. वस्ती मागं पडली तसं माझ्या पाठीवर काहीतरी ओलं लागलं. विमला गेली तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, नोकरी सोडली तेव्हाही नाही. त्यांचा आवाज येत नव्हता. त्यांनी माझ्या खांद्यावर कपाळ टेकवलं होतं आणि दोन्ही हातांनी माझी कंबर घट्ट धरली होती. मी गाडी थांबवली नाही. फक्त वेग कमी केला, आणि शहर येईपर्यंत तशीच हळू चालवत राहिले.